व्हेर्नात्सा (इटली): समुद्र, डोंगर आणि गडगे – चर्चा

ऊर्मिला_के

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर व्हेर्नात्सा नावाचं गाव आहे. चिंक्वे तेर्रे म्हणून जी पाच गावं प्रसिद्ध आहेत (मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे) त्यातलं वायव्येकडून दुसरं. मी जेनोव्हाला राहते, रेल्वेने सहज जाता येतं, त्यामुळे वेगवेगळ्या ऋतूंत जाणं होतं. इथे कुणी या गावाचा फोटो टाकला की खाली रंगीत घरांचं कौतुक सुरू होतं. घरं सुंदर आहेतच, पण मला त्यांच्या मागे जे उभं आहे त्याबद्दल बोलायचंय.

समुद्रापासून जेमतेम दोन-तीन किलोमीटर आत डोंगराची धार आहे, उंची सात-आठशे मीटर. म्हणजे सपाट जमीन नाहीच म्हणा ना. धारेपासून खाली येणारं सगळं पाणी एका छोट्या खोऱ्यात गोळा होतं आणि ओढ्याच्या तोंडाशी हे गाव वसलंय. ओढा गावात शिरला की दिसेनासा होतो, कारण मुख्य रस्ता त्याच्यावरच बांधलाय. रस्ता संपतो तिथे चौक आणि बंदर. एका बाजूने कातळाचं नाक समुद्रात घुसलंय, त्याच्या डोक्यावर दोरिया घराण्याच्या किल्ल्याचा गोल बुरूज. दुसऱ्या बाजूला पाण्याला अगदी खेटून सान्ता मार्गेरिताचं चर्च, १३१८ सालचा उल्लेख असलेलं. पाच गावांत नैसर्गिक बंदर लाभलं ते यालाच.

आणि वर, जिथवर नजर जाईल तिथवर, पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. प्रत्येक पायरी दगडी गडग्यावर तोललेली. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. सुमारे हजार वर्षं लोकांनी हा डोंगर असा रचलाय. १९९७ साली युनेस्कोने या पट्ट्याला जागतिक वारसा म्हटलं ते 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून, आणि १९९९ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं, उणंपुरं ३,८६८ हेक्टरांचं.

आता प्रश्न. यातले बरेचसे मळे ओसाड पडलेत. तरुण मंडळी शहरात किंवा हॉटेलधंद्यात. सोडलेल्या पायऱ्यांवर झुडुपं आणि पाईन चढतायत, गडगे ढासळतायत. या उतारांचं काय करावं? जंगलाला परत द्यावेत, की गडगे राखावेत? माझं मत गडगे राखण्याच्या बाजूने आहे, पण तिकडे जाऊन आलेल्यांचं आणि भूगोल-वनस्पती-शेती जाणणाऱ्यांचं मत ऐकायचंय.

भटकभवानी

छान विषय! मोंतेरोस्सो ते व्हेर्नात्सा पायी गेले आहे. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास, पण चढउतार असा की दीड-दोन तास लागतात. व्हेर्नात्साच्या अलीकडे वाट वळते आणि गाव एकदम खाली दिसतं, सगळे फोटो तिथलेच. पण त्याआधी वाट कुठून जाते ते लोक सांगत नाहीत. काही ठिकाणी आपण गडग्याच्या माथ्यावरूनच चालतो, एका अंगाला द्राक्षाचे बुटके मांडव, दुसऱ्या अंगाला सरळ उतार. दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला टेकून उभं राहावं लागतं.

एक सूचना: चपला घालून जाऊ नका. २०१९ पासून पायवाटांवर चपला घालणाऱ्यांना दंडाची तरतूद आहे, आणि ती योग्यच आहे.

दादर_नाका

आम्ही दोघं पुढच्या वर्षी जाणार आहोत. सौ.चे गुडघे दुखतात. व्हेर्नात्सा झेपेल का?

भटकभवानी

@दादर_नाका काका, व्हेर्नात्सा नक्की झेपेल. स्टेशनात उतरलात की मुख्य रस्त्याने हलक्या उताराने थेट बंदरावर. फलाट अरुंद आहे आणि बराचसा बोगद्यात, तेवढं जपा. कोर्निल्याला मात्र स्टेशन खाली आणि गाव कड्यावर. मधे लार्दारिना नावाचा जिना, ३३ टप्पे आणि पावणेचारशेच्या वर पायऱ्या. तिथे स्टेशनवरून छोटी बस असते, काकूंना बसनेच न्या.

कातळवेडा

भूगोल शिकवतो, म्हणून खडकाबद्दल लिहितो. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथला डोंगर परका वाटतो. आपला काळा बेसाल्ट थरावर थर बसलेला, आडवा, कडेकोट. इथे खडक समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे. रिओमाज्जोरे-मानारोलाकडे 'माचिन्यो' नावाचा करडा वालुकाश्म आहे. खोल समुद्रात वाळू-चिखलाचे लोट एकावर एक बसत गेले, नंतर आपेनाइन पर्वत उभा राहताना ते थर दुमडले, तिरके झाले, काही ठिकाणी पार उलटे झाले. मानारोलाच्या धक्क्यावर उभं राहिलं की कातळात हे तिरके पट्टे साध्या डोळ्यांनी दिसतात. व्हेर्नात्सा-कोर्निल्याच्या बाजूला मातकट शेल (चिखलाचा खडक) आणि चुनखडीचे थर जास्त आहेत, ते ठिसूळ. या दोन गावांच्या मधे गुव्हानोची मोठी जुनी दरड आहे, ती याच ठिसूळ खडकातली. मोंतेरोस्सोच्या पलीकडे पुंता मेस्को हे भूशिर आहे, तिथे तर प्राचीन समुद्रतळाचा तुकडाच वर आलेला सापडतो, हिरवट सर्पेंटिनाइटसकट.

हे सांगायचं कारण असं की वालुकाश्म फुटतो तो चपट्या, हातात मावणाऱ्या तुकड्यांत. गडग्याला याहून चांगला दगड मिळणार नाही. डोंगर खोदायचा, निघालेला दगड भिंतीला लावायचा, उरलेली माती मागे भरायची. बाहेरून काही आणावंच लागलं नाही.

तळकोकणी

गडगा शब्द वाचून थांबलो. आमच्याकडे कुंपणाला गडगे घालतात, माझ्या वडिलांनी आयुष्यभर घातले. पण आमचा गडगा दोन्ही बाजूंनी मोकळा असतो, गुरं आत येऊ नयेत एवढंच त्याचं काम. इथे मागे मातीचं ओझं आहे. मग पाण्याचं काय करतात? पावसाने माती फुगली की भिंत बाहेर ढकलली जाणारच.

ऊर्मिला_के

@तळकोकणी, अगदी मुद्द्याचा प्रश्न. एका मळ्यात पडलेली भिंत पुन्हा उभी करत होते, तिथे उभं राहून नीट पाहिलं. तळाला मोठे धोंडे, ते पक्क्या थरापर्यंत खणून बसवलेले. वरचा प्रत्येक दगड लांबीने आत घातलेला, म्हणजे दर्शनी भाग छोटा आणि शेपूट मातीकडे. भिंत सरळ उभी नसते, डोंगराकडे किंचित कललेली असते. आणि महत्त्वाचं म्हणजे दर्शनी दगडांच्या मागे हातभर जाडीचा कपच्यांचा भराव. माती थेट भिंतीला लागत नाही. पाणी आधी कपच्यांत उतरतं, मग सांध्यांतून बाहेर झिरपतं. पाऊस पडून गेल्यावर अख्खी भिंत पाझरताना दिसते. चुना भरला असता तर पाणी अडलं असतं आणि भिंत पहिल्याच मोठ्या पावसात गेली असती.

तिथल्या आजोबांनी शेजारच्या भिंतीवर हात फिरवून दाखवला. मधोमध पोट सुटलं होतं. मागच्या कपच्यांत माती बसली की असं होतं, म्हणाले. पोट सुटलेली भिंत वेळेवर उतरवून पुन्हा रचली तर दोन दिवसांचं काम, पडू दिली तर खालच्या तीन भिंती घेऊन जाते.

तळकोकणी

पोट सुटलं की उतरवायचा, हे आमच्याकडेही अगदी असंच! बरं वाटलं वाचून.

मावळतीचा_सूर्य

आमच्या वेल्हे-भोर भागात उतारावर ताली असतात, त्या मातीचं ओझं पेलतात. तळकोकणींच्या गडग्यापेक्षा हे त्यांच्या जास्त जवळचं. आमच्याकडेही माणसं पुण्या-मुंबईला गेली आणि ताली फुटल्या. एक ताल फुटली की पुढच्या दोन पावसाळ्यांत खालची खाचरं दगडगोट्यांनी भरतात. तेव्हा धागाकर्तीशी सहमत, गडगे राखायलाच हवेत.

रानवाटा

मी वेगळं मत मांडतो. हजार वर्षांपूर्वी हा डोंगर झाडांनी झाकलेला होता. माणसाने तो तोडून द्राक्षं लावली. आता माणूस स्वतःहून निघून गेलाय आणि जंगल परत येतंय, तर ते अडवायचं कशासाठी? पर्यटकांच्या फोटोसाठी? राष्ट्रीय उद्यान म्हणायचं आणि झाडं नकोत म्हणायचं, हे मला पटत नाही. झाडांची मुळं माती धरतात हे शाळेतलं पोर सांगेल.

अबोली

@रानवाटा, 'जंगल' म्हणजे काय येतं तिथे, ते आधी बघू. मी वनस्पतिशास्त्राची.

सोडलेल्या पायरीवर पहिल्यांदा काटेरी वेली आणि झुडुपं येतात: झाडासारखं वाढणारं हीथर, मर्टल, रोझमेरी, स्ट्रॉबेरी ट्री. या शेवटच्या झाडावर शरद ऋतूत पिकलेली लाल फळं आणि नवी फुलं एकाच वेळी असतात, कारण फळ पिकायला वर्ष लागतं. मग मॅरिटाइम पाईन येतो. तो भराभर वाढतो, पण आग लवकर धरतो, आणि या पट्ट्यातले पाईन एका किडीने मोठ्या प्रमाणावर वाळलेत. वाळलेला पाईन पडताना मुळांसकट गडगा उचकटतो. सदाहरित ओकचं घनदाट रान, ज्याला खरं जंगल म्हणता येईल, ते यायला अनेक दशकं लागतात.

समुद्राकडच्या कड्यांवर एक फार सुंदर झुडूप आहे, आपल्या शेर-निवडुंगांच्या कुळातलं, युफोर्बिया डेन्ड्रॉइडिस. ते उन्हाळ्यात पानं टाकतं आणि पाऊस सुरू झाला की हिरवं होतं, हिवाळाभर हिरवं राहतं. भूमध्य हवामानाचा सगळा स्वभाव या एका झाडात आहे: उन्हाळा कोरडा, पाऊस शरदात आणि हिवाळ्यात. आपल्या मान्सूनच्या बरोबर उलट. घायपात मात्र तिथली नव्हे बरं का, तिच्या फोटोंवर 'अस्सल भूमध्य' असं लिहिलेलं असतं, पण ती अमेरिकेतून आलेली.

चकली

सगळे इतकं अभ्यासू लिहितायत, आणि मला फारिनाता आठवली. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात. पूर्ण शाकाहारी, गरमागरम, वर मिरीपूड. पेस्तो नावाच्या चटणीची तुळस याच प्रांताची. पास्त्यात बटाटा आणि फरसबी घालतात, बिचकू नका, छान लागतं. शाकाहारींनी 'अच्चुगे' शब्द लक्षात ठेवावा, ते मोंतेरोस्सोचे खारवलेले मासे असतात आणि कशातही असू शकतात.

दादर_नाका

@चकली ताई, आभार! सौ.नी वाचून तिकीट आजच काढा म्हटलंय. गुडघे विसरल्या.

जलतरंग

सगळे डोंगराकडे बघतायत, जरा पाण्यात बघा. इथे भरती-ओहोटीचा फरक ३० सेंटिमीटरच्या आसपास. मुंबईला उधाणाला हाच फरक चार मीटरच्या वर जातो. म्हणून तिथे घरं आणि चर्च थेट पाण्यावर बांधता आली. खाजण नाही, मोठी पुळण नाही, खारफुटी नाही. कडा पाण्यात शिरतो आणि तसाच खाली उतरत जातो.

पण समुद्र गरीब आहे असं समजू नका. नैर्ऋत्येचा लिबेच्चो वारा सुटला की लाटा बंदरात घुसतात, आणि कोळी आपल्या होड्या ओढून चौकात आणून ठेवतात. चौकात जेवणाची टेबलं आणि त्यांच्या मधे होड्या, असं दृश्य दिसतं तेव्हा हवा बिघडणार हे समजावं. २९ ऑक्टोबर २०१८ च्या वादळात याच किनाऱ्यावर रापाल्लोचं बंदर उद्ध्वस्त झालं होतं, पोर्तोफिनोचा रस्ता वाहून गेला होता.

पाण्याखाली पोसिडोनियाची कुरणं आहेत. शेवाळ नव्हे, फुलं येणारी खरी वनस्पती, मुळांसकट. तिची वाळकी पानं किनाऱ्यावर तपकिरी ढिगांनी येऊन पडतात आणि लोक कचरा म्हणून नाकं मुरडतात. तेच ढीग हिवाळ्यातल्या लाटांपासून किनारा वाचवतात. पुढे खोल पाण्यात फिन व्हेल असतात. फ्रान्स, मोनाको आणि इटलीने मिळून १९९९ साली या समुद्रासाठी पेलागोस अभयारण्याचा करार केला तो त्यांच्यासह सगळ्या सागरी सस्तन प्राण्यांसाठी.

मेघवेध

२०११ च्या पुराबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? रानवाटांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

२५ ऑक्टोबर २०११. शरदात समुद्र अजून उबदार असतो. त्यावरून दक्षिणेकडचे, आग्नेयेकडचे दमट वारे किनाऱ्याकडे येत होते. त्याच वेळी आपेनाइनमधल्या खिंडींतून पो नदीच्या मैदानातली थंड हवा समुद्रावर उतरत होती. दोन्ही जिथे भिडल्या तिथे ढग उभे राहिले, आणि भिडण्याची रेषा तासन् तास हललीच नाही. एक ढग पाऊस पाडून पुढे सरकला की मागे तिथेच दुसरा तयार. त्यात समुद्रालगतची ही सात-आठशे मीटरची धार हवेला आणखी वर ढकलणारी. धारेपलीकडच्या ब्रुन्यातोला दिवसभरात ५०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, बराचसा काही तासांत.

व्हेर्नात्सात ओढ्याने दगड, माती, झाडं, गाड्या सगळं गावात आणलं. रस्त्याखालची मोरी तुंबली आणि ओढा रस्त्यावरून वाहिला. मुख्य रस्त्यावर चार मीटरच्या आसपास गाळ साचला, तळमजले गाडले गेले. गावातले तिघे गेले.

सांताक्रूझकर

२६ जुलै २००५ ला आमच्याकडे २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. ५०० ने एवढा हाहाकार?

मेघवेध

@सांताक्रूझकर, आकडे शेजारी ठेवून तुलना होणार नाही. व्हेर्नात्साचं पाणलोट क्षेत्र सहा चौरस किलोमीटरही नाही, आणि ते इतकं तीव्र की धारेवर पडलेलं पाणी थोड्याच वेळात चौकात येतं. मिठी नदीकाठी पाणी चढत गेलं. इथे ते दगड घेऊन कोसळलं. शिवाय तिथली माती मुळात माणसाने रचून ठेवलेली, सुटी. ती जागची हलली की पाण्याबरोबर निघते.

कातळवेडा

मेघवेध यांना पूर्ण अनुमोदन, आणि पुढचा भाग जोडतो. पुरानंतर भूशास्त्रज्ञांनी या खोऱ्यातल्या शेकडो छोट्या दरडी नकाशावर मांडल्या आणि कुठली दरड कसल्या जमिनीतून सुटली ते तपासलं. सगळ्यात वाईट अवस्था होती ती सोडून २५-३० वर्षंही न झालेल्या पायऱ्यांची. कसल्या जाणाऱ्या मळ्यांत दरडी त्या मानाने कमी. आणि फार पूर्वी सोडलेल्या, रानाने पुरत्या झाकलेल्या उतारांवरही कमी.

कारण समजायला सोपं आहे. गडगा कोणी बघत नाही, पोट सुटलंय, पाण्याचे निचरे बुजलेत, पण मागची माती तेवढीच खोल आणि भुसभुशीत. झाडांची मुळं अजून खोल गेलेली नाहीत. शेतकरी गेलाय आणि जंगल पोचलेलं नाही, असा हा मधला काळ.

रानवाटा

@कातळवेडा, मग हा तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला! जुनं रान झालेल्या उतारांवर दरडी कमी. थोडा धीर धरा, जंगल स्वतःच डोंगर सांभाळेल.

मावळतीचा_सूर्य

धीर कोणी धरायचा? खाली गाव आहे. ओढ्याच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसाला 'तीस वर्षं थांबा, मग डोंगर स्थिर होईल' असं कसं सांगणार? आणि त्या तीस वर्षांतला प्रत्येक शरद ऋतू म्हणजे पुन्हा तोच धोका. आम्ही माळीण पाहिलंय, ३० जुलै २०१४. उतार आणि वस्ती यांचा हिशेब करताना वस्ती आधी धरावी लागते.

रानवाटा

माळीणची कारणं वेगळी होती, पण तुमचा मुद्दा प्रामाणिक आहे. वस्तीच्या वरचे उतार राखावेत हे मान्य. माझा आक्षेप सरसकट सगळा डोंगर पुन्हा शेतीखाली आणण्याला आहे. दूरच्या, चढून जायला दोन तास लागणाऱ्या पायऱ्या कोण कसणार? त्या रानाला सोडाव्यात, आणि पाईनऐवजी ओक येईल असं बघावं.

अबोली

हे मला पटतं. पाईन काढून ओकला जागा देता येते, तसे प्रयत्न भूमध्य भागात इतरत्र झालेतही. फक्त रानडुकरांचं काय ते बघावं लागेल. रान वाढलं तशी डुकरं वाढली, आणि ती गांडुळं-मुळं उकरताना गडग्याचे दगड ओढून काढतात. कसणाऱ्या शेतकऱ्याची तिथली मोठी तक्रार हीच.

तळकोकणी

डुकरं तिथेही! माझ्या भाताची आठवण काढू नका.

ऊर्मिला_के

खूप चांगली चर्चा. शेतीच्या अर्थकारणाबद्दल थोडं लिहिते, कारण गडगे राखायचे तर ते कोणाच्या तरी पोटापाण्याशी जोडलेले असावे लागतील.

इथला उतार असा की ट्रॅक्टर सोडा, ढकलगाडीही चालत नाही. पूर्वी द्राक्षांच्या टोपल्या डोक्या-खांद्यावरून उतरायच्या. आता काही मळ्यांत दातेरी चाकाची एकरुळी गाडी आहे. मोटरसायकलएवढं इंजिन, मागे दोन-तीन छोट्या पाट्या, आणि ती गाडी जवळपास उभ्या चढावर घरघरत जाते. सप्टेंबरच्या तोडणीला आवर्जून पाहावी अशी गोष्ट. बोस्को, आल्बारोला आणि व्हेर्मेंतिनो या तीन जातींची द्राक्षं. त्यातले निवडक घड सावलीत, वाऱ्यावर आठवडे-महिने सुकवतात आणि त्यापासून शाक्केत्रा नावाची गोड वाईन करतात. शंभर किलो द्राक्षांतून पंचवीस-तीस लिटरच निघते. म्हणून ती महाग, आणि महाग असली तरी मजुरीच्या मानाने शेतकऱ्याच्या हाती फार उरत नाही.

पर्यटक मात्र लाखोंनी येतात. १८७४ साली ला स्पेत्सियाची रेल्वे बोगद्यांतून इथवर आली, तोवर जलमार्ग आणि खेचरांच्या वाटा एवढाच बाहेरच्या जगाशी संबंध होता. आज त्याच रेल्वेने उन्हाळ्यात दर काही मिनिटांनी माणसं उतरतात. माझं म्हणणं असं की ज्या डोंगराच्या जोरावर खोल्या भाड्याने जातात, त्या डोंगराच्या भिंतींना त्या पैशातला वाटा मिळाला पाहिजे. पायवाटेवर चालायला जे कार्ड विकत घ्यावं लागतं त्याच्या पैशांतून वाटांची देखभाल होते, ती चांगली सुरुवात आहे. पण मळेवाल्याच्या गडग्याला थेट मदत जास्त गरजेची वाटते.

भटकभवानी

पुरानंतर गावात 'सेव्ह व्हेर्नात्सा' संस्था उभी राहिली, तिने स्वयंसेवकांना घेऊन गडगे पुन्हा रचले. एक दिवस घाम गाळायचा, शेतकऱ्याच्या हाताखाली. हौशी माणसाने रचलेला गडगा किती टिकेल ही शंका येईल, पण दगड निवडून देणं, कपच्या भरणं ही कामं कोणालाही जमतात, आणि रचणारा हात जाणत्याचाच असतो. रिचर्ड रॉजर्ससारख्या वास्तुविशारदानेही मुख्य रस्त्याच्या नव्या आराखड्यासाठी मानधन न घेता मदत केली होती.

पुराने एक नवी पुळणही केली बरं का! वाहून आलेल्या दगडमातीने गावाच्या दुसऱ्या अंगाला किनारा तयार झाला, मुख्य रस्त्यावरून कातळातल्या भोकातून तिथे जाता यायचं. वरून दगड पडतात म्हणून तो बंद ठेवलेला असतो.

जलतरंग

@भटकभवानी, त्या पुळणीचं आता लाटा काय करतायत ते बघण्यासारखं आहे. मागून नवा गाळ आला नाही तर समुद्र ती हळूहळू नेणार. सगळ्या लिगुरियात हाच झगडा आहे, नद्या-ओढ्यांनी आणलेलं साहित्य आणि लाटांनी नेलेलं.

नवा_सभासद_७

मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी. हे गडगे रचायला शिकवणाऱ्या शाळा आहेत का? सिमेंट का वापरत नाहीत हे आम्हाला वर्गात कधीच सांगितलं नाही.

कातळवेडा

@नवा_सभासद_७, इटली-फ्रान्समध्ये असे वर्ग भरतात. २०१८ साली चुन्या-सिमेंटशिवाय दगड रचण्याच्या कलेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली, क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड अशा आठ देशांनी मिळून नाव दिलं होतं. पण सुट्टीत तिकडे जाण्याआधी तळकोकणींच्या गावी जा. वडील रचत असतील तर त्यांच्यासोबत दोन दिवस दगड उचला.

तळकोकणी

वडील आता थकले, पण सांगतात अजून. कोणालाही यायचं असेल तर स्वागत आहे, डिसेंबरात या.

मेघवेध

मूळ प्रश्नाकडे येतो. 'गडगे की जंगल' याचं एकच उत्तर सगळ्या डोंगराला लागू होणार नाही. माझ्या मते पहिला पैसा आणि पहिले हात ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या आणि गावाच्या थेट डोक्यावरच्या पायऱ्यांना. तिथून सुटलेला दगड थेट मोरीत येतो. दुसरा क्रम पायवाटांच्या वरचा उतार. रिओमाज्जोरे-मानारोला दरम्यानची व्हिया देल्लामोरे ही पायवाट २०१२ साली दगड कोसळून बंद झाली, ती पुन्हा उघडायला २०२४ उजाडलं. एका छोट्या वाटेला बारा वर्षं! तिसरा क्रम, जिथे आज कोणी कसतंय तिथला शेजार, म्हणजे वरच्या ओसाड पायरीमुळे कसणाऱ्याचा मळा जाऊ नये. बाकीचं रानवाटा म्हणतात तसं रानाला.

रानवाटा

या क्रमवारीला माझी हरकत नाही. उलट जंगलाचा भागही तेवढ्याच गांभीर्याने आखावा, 'उरलेलं' म्हणून सोडू नये.

ऊर्मिला_के

@मेघवेध, @रानवाटा, दोघांचेही आभार, मला हे फार पटलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, रेज्जोच्या देवळाकडे जाणाऱ्या जुन्या फरसबंदी वाटेवर, दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी दिसतात. एका बाजूला ऑलिव्हच्या कसलेल्या पायऱ्या, झाडांखाली फळं झेलायची जाळी गुंडाळून ठेवलेली. दुसऱ्या बाजूला पाईन आणि ढासळलेले दगड. नोव्हेंबरात ऑलिव्हच्या तोडणीला पुन्हा जाणार आहे. कोणाला काही खास बघून हवं असेल तर सांगा.

तळकोकणी

हो, मला हवंय. कुठे उतरवलेला गडगा दिसला तर मागच्या भरावाचा जवळून फोटो काढा, बाजूला मापाला काहीतरी ठेवून. कपच्या केवढ्या, भराव वरपर्यंत सारखा आहे की वर निमुळता होतो, आणि कोपऱ्याचा दगड कसा बसवलाय, एवढं दिसलं पाहिजे. आमच्या परड्याच्या मागे उतार आहे, तिथे या पद्धतीने एक गडगा घालून बघायचाय.